पैसे भरा, संशोधक व्हा! ज्ञानाच्या बाजारात आपल्या पोरांची लूट



शिरूर आणि दौंड तालुक्यांतल्या आमच्या अभ्यासवर्गांना येणाऱ्या तरुणांमध्ये काही जण पीएच.डी. करतात, काही तासिका तत्त्वावर शिकवतात. या सगळ्यांच्या मोबाइलवर एकाच धाटणीचा मेसेज फिरत असतो. इंटरनॅशनल जर्नल आहे, आयएसएसएन नंबर आहे, इम्पॅक्ट फॅक्टर सातच्या वर आहे. विषय कोणताही चालेल, भाषा कोणतीही चालेल. आज लेख पाठवा, तीन दिवसांत प्रकाशित, सर्टिफिकेट मोफत. खाली पैसे पाठवायचा क्यूआर कोड.

दौंडकडची आमची एक भगिनी या जाळ्यात सापडली. तिचे आईवडील वीटभट्टीवर राबलेले. तिने भट्टीवरच्या मजूर स्त्रियांवर काम केले. दीड वर्ष सुट्टीच्या दिवशी भट्ट्यांवर जाऊन बायकांशी बोलली. उचल किती घेतली, हजार विटांमागे दर काय मिळाला, बाळंतपणानंतर किती दिवसांत पुन्हा चिखलात उभे राहावे लागले, हे सारे तिने वहीत उतरवले. हे काम सोपे नाही. भट्टीमालक समोर असताना बाई खरे बोलत नाही. तिला विश्वास वाटायला महिने जातात.

या कामावरचा लेख तिने अडीच हजार रुपये भरून अशाच एका जर्नलला दिला. तीन दिवसांत तो छापून आला. कुणी एक प्रश्न विचारला नाही, एक दुरुस्ती सुचवली नाही. पुढे प्राध्यापकपदाच्या मुलाखतीत समोरच्या तज्ज्ञाने जर्नलचे नाव वाचले आणि हसून फाइल बाजूला सरकवली. वर्षभरात त्या जर्नलची वेबसाइटही बंद पडली. आता तोच लेख चांगल्या जर्नलला द्यावा म्हटले तर तेही होत नाही, कारण एकदा प्रकाशित झालेला मजकूर दुसरीकडे घेतला जात नाही. अडीच हजार गेले याचे दुःख आहेच. त्याहून मोठे दुःख हे की दीड वर्षाचे काम आणि त्या बायकांचे शब्द कचऱ्यात गेले.

चोर सोडून संन्याशाला फाशी

यावर विद्वान मंडळींचे उत्तर ठरलेले असते. खेड्यातल्या पोरांना दर्जा कळत नाही, शॉर्टकट हवा असतो, आरक्षणातून आलेत, दुसरे काय होणार! तेव्हा या बाजाराची जबाबदारी कुणाची ते एकदा नीट पाहू.

२०१० च्या नियमांपासून यूजीसीने प्राध्यापकांच्या भरतीला आणि बढतीला गुणांची मोजणी लावली. अमुक लेखांना तमुक गुण. २०१६ च्या नियमांनी पीएच.डी.चा प्रबंध सादर करण्यापूर्वी किमान एक शोधलेख छापून आलेला असणे बंधनकारक केले. देशभरातल्या हजारो विद्यार्थ्यांना एकाच वेळी लेख छापायची सक्ती झाली. लेख कसा लिहायचा ते शिकवायची सोय मात्र झाली नाही. दुकाने उघडली ती या गरजेवर.

यूजीसीने मान्यताप्राप्त जर्नलांची यादी काढली. त्या यादीचा हिशोब आपल्या पुण्यातच झाला. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातील भूषण पटवर्धन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१८ साली ‘करंट सायन्स’मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. विद्यापीठांच्या शिफारशीने यादीत आलेली ५,६९९ जर्नल्स होती. त्यांतून त्यांनी १,३३६ निवडली. त्यांपैकी ३२७ नामांकित आंतरराष्ट्रीय सूचींमध्ये होती, ती वगळून उरलेली १,००९ तपासली. कुणाचा पत्ता नाही, कुणाचे संपादक सापडत नाहीत, कुणाचा आयएसएसएन चुकीचा, कुणाचा इम्पॅक्ट फॅक्टर खोटा. ८८ टक्क्यांहून अधिक जर्नल्स हलक्या दर्जाची असावीत, असा निष्कर्ष निघाला. त्याच वर्षी मे महिन्यात यूजीसीने ४,३०५ जर्नल्स यादीतून काढून टाकली.

ही जर्नल्स यादीत घातली कुणी? वीटभट्टी मजुराच्या मुलीने? नाही. शिफारशी विद्यापीठांनी केल्या होत्या. कुंपणानेच शेत खाल्ले आणि दंड मात्र मजुराला झाला! ज्यांनी ही जर्नल्स यादीत बसवली, त्यांच्यापैकी कुणाची फाइल हसून बाजूला सरकवली गेली?

पुढे २०१९ मध्ये ‘यूजीसी-केअर’ ही नवी यादी आली. फेब्रुवारी २०२५ मध्ये तीही बंद झाली. यूजीसीने काही निकष सुचवले आणि सांगितले, आता ज्या त्या संस्थेने स्वतःच ठरवावे. २०२२ च्या नियमांनी पीएच.डी.साठीची लेखाची देशव्यापी सक्तीही काढली होती. पण मुलाखतीतले गुण कायम आहेत, गाइडचा आग्रह कायम आहे, क्यूआर कोडही कायम आहे. यादी असताना यादीच्या नावाने लूट होत होती. आता यादी नाही, तर मेसेजमध्ये ‘यूजीसीच्या नव्या निकषांनुसार’ असे लिहून येते.

ही लूट केवळ आपल्या दोन तालुक्यांची नाही. शेन आणि ब्यॉर्क या संशोधकांनी २०१५ मध्ये अंदाज मांडला होता की अशा जर्नलांमध्ये २०१४ या एका वर्षात सुमारे ४,२०,००० लेख छापले गेले. त्यांचे तीन चतुर्थांश लेखक आशिया आणि आफ्रिकेतले होते. ज्यांना विद्यापीठाच्या दारापर्यंत पोहोचायलाच पिढ्या लागल्या, त्यांच्याच दारात हा दुकानदार उभा आहे.

लिहायला पैसे, वाचायलाही पैसे

दुसरी बाजू पाहा. आपल्या दोन तालुक्यांवर जगात कमी लिहिले गेलेले नाही. शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात तिथे उत्खनन केले आणि ताम्रपाषाणयुगातल्या शेतकऱ्यांची वस्ती जगासमोर आणली. याच तालुक्यातल्या जातेगाव बुद्रुकची शेती आणि कर्ज यांची पाहणी डॉ. हॅरॉल्ड मान आणि कानिटकर यांनी १९२१ मध्ये पुस्तकरूपाने छापली. दौंड तालुक्यातल्या केडगावला पंडिता रमाबाईंचे मुक्ती मिशन आहे. रमाबाईंवर देशोदेशीचे अभ्यासक लिहितात. भीमा कोरेगाववर तर २०१८ नंतर लेखांचा पूर आला.

यातले किती आपल्या पोरांना वाचायला मिळते? लेखाच्या नावावर बोट ठेवले की सारांश उघडतो आणि पुढे कुलूप. आत जायचे तर डॉलर मोजा. माती आमची, हाडे आमच्या पूर्वजांची, मुलाखत आमच्या आजीची, आणि लेख आम्हालाच बंद!

सरकारने यावर ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजना काढली. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये मंजूर केले. त्यातून ३० प्रकाशकांची सुमारे १३,००० जर्नल्स उघडणार. पण उघडणार कुणाला? केंद्र आणि राज्य सरकारच्या संस्थांना. तालुक्याच्या गावची महाविद्यालये बहुतेक खासगी शिक्षणसंस्थांची आहेत. आणि शिक्षण संपवून वस्तीत काम करणाऱ्या कार्यकर्त्याचे तर कोणत्याच यादीत नाव नाही. संशोधनाला पगार जनतेच्या पैशातून, तपासणारे प्राध्यापक फुकट राबणार, आणि तयार माल पुन्हा जनतेच्याच पैशाने प्रकाशकाकडून विकत घ्यायचा. याला देशसेवा म्हणायचे की सावकारी?

या कुलपाविरुद्ध जगभरच्या अभ्यासकांनी ओपन ॲक्सेसची चळवळ उभी केली. २००२ च्या बुडापेस्ट जाहीरनाम्याने तिला नाव दिले. तिचा अर्थ साधा आहे. शोधलेख वाचायला, उतरवून घ्यायला, इतरांना द्यायला कुणालाही मोफत असावा. म्हणूनच ‘ओपन ॲक्सेस म्हणजे बोगस’ हे काही प्राध्यापकांचे बोलणे आम्ही साफ नाकारतो. बोगस जर्नलांनी या चळवळीचे कपडे चोरले, म्हणून चळवळ चोर ठरत नाही.

मात्र ओपन ॲक्सेसमध्येही दोन वाटा आहेत, हे ओळखले पाहिजे. एका वाटेवर वाचकाऐवजी लेखकाकडून पैसे घेतात. ‘नेचर’ने २०२१ पासून लेख खुला करण्यासाठी ९,५०० युरो दर लावला. त्या वेळच्या दराने आठ लाख रुपयांहून अधिक! दुसऱ्या वाटेवर ना वाचकाला पैसे, ना लेखकाला. खर्च विद्यापीठ किंवा संस्था उचलते. तिला डायमंड ओपन ॲक्सेस म्हणतात. आपली वाट ही दुसरी.

बाबासाहेबांचा लेख कुठे छापला होता?

आपलेच काही साथी म्हणतात, हे जर्नलचे चोचले कशाला? रस्त्यावरची लढाई लढा. त्यांना आमचा प्रश्न आहे, बाबासाहेबांनी काय केले?

९ मे १९१६ रोजी पंचवीस वर्षांच्या भीमराव आंबेडकरांनी कोलंबिया विद्यापीठात गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात जातींवरचा निबंध वाचला. मे १९१७ मध्ये तो ‘इंडियन अँटिक्वेरी’ या संशोधनपत्रिकेत छापून आला. १९१८ मध्ये भारतातल्या लहान शेतजमिनींवरचा त्यांचा लेख इंडियन इकॉनॉमिक सोसायटीच्या जर्नलमध्ये आला. त्यात त्यांनी कुणाची पाहणी तपासली? त्याच डॉ. मान यांची, जे पुढे आपल्या जातेगावात आले. मान यांनी पुण्याजवळच्या पिंपळे सौदागरची केलेली पाहणी बाबासाहेबांनी वाचली, तिच्यातले आकडे घेतले आणि स्वतःचा वेगळा निष्कर्ष मांडला. दुखणे केवळ तुकड्यांत नाही, शेतीवर साचलेल्या जादा माणसांत आहे आणि त्यावर औद्योगिकीकरण हा उपाय आहे, असे त्यांनी सांगितले.

यातून काय शिकायचे? साहेबाने आपल्या गावावर लिहिलेले बाबासाहेबांना वाचता आले, म्हणून त्याला उत्तर देता आले. आणि उत्तर छापून आले, म्हणून ते आज शंभर वर्षांनंतरही आपल्या हातात आहे. हे काम केल्यानंतर १९२० मध्ये त्यांनी ‘मूकनायक’ काढला, १९२७ मध्ये महाडला गेले. लेख आणि लढा त्यांनी कधी वेगळे मानले नाहीत.

आणि जेव्हा छापणाऱ्याने अट घातली तेव्हा? १९३६ मध्ये लाहोरच्या जातपात तोडक मंडळाला भाषणातला मजकूर बदलून हवा होता. बाबासाहेबांनी स्वल्पविरामही बदलायला नकार दिला. परिषद रद्द झाली. त्यांनी ते भाषण स्वखर्चाने छापले. कुणी म्हणेल, मग तेही पैसे देऊनच छापले ना! फरक लक्षात घ्या. बाबासाहेबांनी पैसे दिले ते विचार वाचकापर्यंत पोहोचवायला. बोगस जर्नलला आपण पैसे देतो ते वाचकच नसलेल्या कागदावर नाव उमटवायला. बाबासाहेबांच्या हयातीत प्रसिद्ध झालेले लेखन १ जानेवारी २०१७ पासून कॉपीराइटमधून मुक्त झाले आहे. ज्यांचे लेखन आज सर्वांना खुले आहे, त्यांच्या लेकरांचे लेखन कुलपात किंवा कचऱ्यात का जावे?

आता काय करायचे?

एक. ‘तीन दिवसांत प्रकाशित’ म्हणणाऱ्याला एक रुपयाही देऊ नका. खरी तपासणी आठवडे, महिने घेते आणि लेख दुरुस्त करायला लावते. दुरुस्ती हा अपमान समजू नका. तेच शिक्षण आहे.

दोन. आयएसएसएन ही केवळ नोंदणी आहे, गुणवत्तेचा शिक्का नाही. संपादकाचे नाव त्याच्या विद्यापीठाच्या वेबसाइटवर शोधा. जर्नल डीओएजे या ओपन ॲक्सेस जर्नलांच्या सूचीत आहे का ते पाहा. त्यातले दोन जुने लेख वाचा. वाचवत नसतील तर तिथे आपलेही लिहू नका.

तीन. मोफत आहे ते आधी वाचा. २००९ पासून विद्यापीठांचे प्रबंध ‘शोधगंगा’वर ठेवण्याचा नियम आहे. तिथे मराठी प्रबंधही आहेत. ब्रँडाइस विद्यापीठातून २०२० पासून निघणारे ‘कास्ट’ हे जर्नल वाचायला मोफत आहे. बंद लेख हवा असेल तर लेखकाला सरळ ईमेल करा. बरेच जण पाठवतात.

चार. प्राध्यापक झालेल्या आपल्या ज्येष्ठांना आमची नम्र पण स्पष्ट विनंती आहे. १४ एप्रिलला व्याख्यान द्याच, पण वर्षाला एका तरी विद्यार्थ्याचा लेख ओळ न् ओळ तपासून द्या. आणि आपल्या विभागाच्या नावाने बोगस विशेषांक काढून वर्गणी गोळा करणारे आपल्यातलेच असतील, तर त्यांनाही आम्ही बोगसच म्हणणार.

पाच. मागणी विद्यापीठाकडे करा. सार्वजनिक विद्यापीठांनी मराठीत, पैसे न घेता, तज्ज्ञांकडून तपासून जर्नल्स चालवावीत. मुलाखतीत लेख मोजू नका, वाचा.

आमच्या भगिनीच्या वह्या तिच्याजवळ आहेत. छापलेला लेख वाया गेला, मुलाखती वाया गेलेल्या नाहीत. जुन्या लेखाची कबुली देऊन ती त्या मुलाखतींवर नव्याने लिहिते आहे. दर रविवारी वंदना झाल्यावर विहारात ती एक-एक भाग वाचते आणि आम्ही दहा-बारा जण प्रश्न विचारतो. मागच्या रविवारी भट्टीवर काम केलेल्या एका आजींनी तिला थांबवले आणि म्हणाल्या, “उचलीचा हिशोब असा नसतो, पोरी.” तिने तो भाग खोडून पुन्हा लिहिला.

हीच आमची पहिली तपासणी. तिथे पैसे लागत नाहीत, पण खोटेही चालत नाही.

जयभीम! नमो बुद्धाय!