अपग्रेडआधी ‘सगळं डी ड्राइव्हमध्ये आहे’ एवढं पुरेसं नाही

गुरुवारी पाणी येणार नाही, असे महापालिकेने जाहीर केले की हडपसरमधल्या घरांत बुधवारी रात्रीच पिंप भरले जातात. ते कुणाला समजावून सांगावे लागत नाही. त्याच घरातला सात-आठ वर्षांचा कम्प्युटर मात्र ‘विंडोज ११ टाकून द्या’ एवढ्याच सूचनेवर गाडीतळाजवळच्या दुकानात सोडून येतात. दुकानदार विचारतो, ‘डेटा आहे का काही?’ उत्तर ठरलेले असते : ‘महत्त्वाचं सगळं डी ड्राइव्हमध्ये आहे.’

या उत्तरावरच बहुतेकांचा घात होतो.

घाई का, तर मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी ‘विंडोज १०’चा नियमित आधार थांबवला. नोंदणी करणाऱ्या घरगुती ग्राहकांना सुरक्षा अपडेटसाठी १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची जादा मुदत देण्यात आली. त्यामुळे जुनी यंत्रे नव्या प्रणालीवर नेण्याची धावपळ सुरू झाली. धावपळ योग्यच आहे, कारण सुरक्षा अपडेट नसलेल्या कम्प्युटरवर नेट बँकिंग करणे धोक्याचे. फक्त तिची सुरुवात चुकीच्या टोकापासून होते.

डी ड्राइव्ह खरेच वेगळा असतो?

बहुतेक जुन्या कम्प्युटरमध्ये हार्ड डिस्क एकच असते. सी आणि डी म्हणजे एकाच खोलीत लाकडी पार्टिशन घालून केलेले दोन भाग. डिस्क बिघडली की दोन्ही जातात. प्रणाली बदलताना डिस्कवर तासभर सलग लिहिणे-वाचणे चालते आणि थकलेली डिस्क अशाच वेळी दम तोडते. त्यात मध्येच वीज गेली तर विचारायलाच नको.

दुसरा धोका माणसाच्या हाताचा. विंडोज नव्याने टाकताना पडद्यावर ‘सी’, ‘डी’ अशी अक्षरे दिसत नाहीत; ‘डिस्क ०, पार्टिशन १, २, ३’ असे आकडे दिसतात. दुकानात चार यंत्रे एकाच वेळी उघडी असताना चुकीच्या आकड्यावर ‘डिलीट’ दाबले जाणे अवघड नाही. काही जुन्या यंत्रांत तर विंडोज ११ साठी डिस्कची विभागणी नोंदवण्याची पद्धतच बदलावी लागते. ते काम एका भागावर नाही, अख्ख्या डिस्कवर होते.

चूक कंपनीकडूनही होते. २ ऑक्टोबर २०१८ रोजी आलेले विंडोज १० चे मोठे अपडेट मायक्रोसॉफ्टला काही दिवसांतच थांबवावे लागले, कारण काहींच्या फायली पुसल्या गेल्या होत्या. तक्रारींचे प्रमाण कंपनीच्या म्हणण्याप्रमाणे दहा हजारांत एक होते. गंमत अशी, की ज्यांनी ‘डॉक्युमेंट्स’सारखे फोल्डर दुसऱ्या जागी हलवले होते, पण काही फायली जुन्या जागीच राहिल्या होत्या, त्यांना याचा फटका बसला. म्हणजे सावधपणे डी ड्राइव्हकडे सरकलेलेही त्यात सापडू शकत होते. दुरुस्त अपडेट १३ नोव्हेंबरला आले.

सी ड्राइव्हमध्ये काय राहून जाते?

डेस्कटॉप, डाउनलोड्स, डॉक्युमेंट्स हे फोल्डर मुळात सी ड्राइव्हवरच असतात, हे अनेकांना ठाऊक नसते. ‘टॅली’ नेहमीच्या पद्धतीने टाकले असेल तर हिशेबाचा डेटाही तिथेच. आउटलुकमधले जुने ईमेल, ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड, प्रिंटरची सेटिंग्ज, सारे तिथेच.

मराठी मजकुराचे काम करणाऱ्यांची अडचण आणखी वेगळी. पुण्याच्याच मॉड्युलर इन्फोटेकचे ‘श्रीलिपी’ आणि सी-डॅकचे ‘आयएसएम’ यांच्या जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये लग्नपत्रिकांपासून स्मरणिकांपर्यंत किती मजकूर पडून आहे, याची गणती नाही. हे फॉन्ट सी ड्राइव्हमधल्या विंडोजच्या फोल्डरमध्ये बसतात. डी ड्राइव्हमधली फाइल शाबूत राहते, पण फॉन्ट गेल्यावर ती उघडली की मराठीऐवजी रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा गोंधळ दिसतो. जुन्या सॉफ्टवेअरची सीडी आणि त्याचे लॉक आता सापडेल का, हा पुढचा प्रश्न.

मग करायचे काय?

निवडक फायली उचलण्यापेक्षा अपग्रेडआधी संपूर्ण डिस्कची प्रतिमा, म्हणजे ‘सिस्टिम इमेज’, बाहेरच्या डिस्कवर घ्यावी. विंडोजच्या कंट्रोल पॅनलमध्ये ‘विंडोज ७’च्या नावाखाली ही सोय आहे; ‘क्लोनझिला’ मोफत मिळते. प्रतिमा परत बसवण्यासाठी कम्प्युटर सुरू करणारा यूएसबी ड्राइव्हही सोबत तयार हवा, नाहीतर ती प्रतिमा नुसती पडून राहते. कामाच्या फायलींची साधी कॉपी वेगळी घ्यावी आणि तिच्यातल्या चार-पाच फायली दुसऱ्या कम्प्युटरवर उघडून पाहाव्यात. मग ती डिस्क काढून बाजूला ठेवावी. लॅपटॉपला बिटलॉकरचे कुलूप असेल तर त्याचा ४८ अंकी आकडा कागदावर लिहून घ्यावा. अपग्रेडनंतर यंत्राने तो मागितला आणि आकडा त्याच यंत्रात असला, तर दार बंद.

अपग्रेडनंतर दहा दिवसांत मागे फिरता येते, हे खरे. पण ती सोय त्याच डिस्कवर असते आणि डिस्क फॉरमॅट करून विंडोज टाकले तर मिळतच नाही. वनड्राइव्हची मोफत जागा ५ जीबी. लग्नाचे फोटोही त्यात मावायचे नाहीत.

दुकानदारांची बाजूही आहे. बॅकअपला दोन-तीन तास लागतात आणि त्याचे पैसे द्यायला गिऱ्हाईक तयार नसते. तरी पावतीवर ‘बॅकअप घेतला’ किंवा ‘ग्राहकाने नको सांगितले’ अशी ओळ आणि खाली सही असायलाच हवी. ‘डेटा आहे का काही?’ हा प्रश्न तोंडी विचारून जबाबदारी संपत नाही. डेटा परत मिळवून देणाऱ्यांचे दर एकदा विचारले, की बॅकअपचे पैसे जड वाटत नाहीत.

यंत्र जुने असेल तर याहून सोपी वाट आहे. नवी एसएसडी घ्यावी, विंडोज ११ तिच्यावर टाकून घ्यावे आणि लागेल ते जुन्या डिस्कवरून उतरवावे. जुनी डिस्क फॉरमॅट करू द्यायची नाही की दुकानात सोडून यायची नाही. वर्षाचे हिशेब पूर्ण होईपर्यंत ती घरच्या कपाटात असू द्यावी.