दुसऱ्या ओळीतलं नाव : अमेरिकन कॉलेज फुटबॉलचा यंदाचा ऑगस्ट वेगळा का आहे?

अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलचा हंगाम ऑगस्टच्या शेवटी सुरू होतो आणि त्याआधीचे तीन-चार आठवडे सरावाचे असतात. या सरावाचा निकाल एका साध्या कागदावर लागतो. त्याला तिथं 'डेप्थ चार्ट' म्हणतात. मैदानावरच्या प्रत्येक जागेसमोर पहिलं नाव, त्याखाली दुसरं, त्याखाली तिसरं. पहिलं नाव म्हणजे खेळणारा, बाकीचे थांबणारे. वर्षानुवर्षं हा कागद असाच निघतोय, पण त्यावरच्या दुसऱ्या ओळीचा अर्थ गेल्या पाच वर्षांत पार बदललाय. यंदा तो पुन्हा एकदा बदलतोय.

गोव्यातल्या आणि कोल्हापूरच्या वाचकांना आधीच सांगतो, हा पायाने खेळायचा फुटबॉल नव्हे. अंडाकृती चेंडू, डोक्यावर हेल्मेट, खांद्यावर पॅड. चढाईचे अकरा जण वेगळे, बचावाचे अकरा वेगळे, चेंडूला लाथ मारणारे आणखी वेगळे. आता बेळगाव, इंदूर, बडोद्याच्या वाचकाला याचं काय, असं कुणी विचारेल. आपल्या भागातल्या कितीतरी घरांतली मुलं परड्यू, ओहायो स्टेट, टेक्सास ए अँड एम अशा विद्यापीठांत शिकतात. शनिवारी सामना असला की अख्खं गाव बंद, असं तीच फोनवर सांगतात. काही विद्यापीठांत तर फीच्या पावतीवर खेळखात्याची वेगळी रक्कम असते. तेव्हा त्या खात्याचा कारभार कसा चालतो हे बघायला हरकत नाही.

दुसऱ्या ओळीत असणं म्हणजे काय, हे जागेवर अवलंबून असतं. बचावाच्या पुढच्या फळीतले धिप्पाड गडी आलटून-पालटून खेळतात, कारण तीनशे पौंडांचा माणूस सलग धडका देऊ शकत नाही. तिथला दुसरा खेळाडूही सामन्यात भरपूर खेळतो. क्वार्टरबॅकचं तसं नाही. चेंडू हातात घेऊन डाव चालवणारा हा एकच माणूस, आणि तो सहसा बदलत नाहीत. पहिला जखमी झाला नाही तर दुसऱ्याचा हंगाम कडेला उभं राहण्यात जातो.

क्रिकेटमध्ये ही जागा यष्टिरक्षकाची. बडोदेकरांना वेगळं सांगायला नको. नयन मोंगिया १९९० च्या इंग्लंड दौऱ्यावर राखीव यष्टिरक्षक म्हणून गेला, आणि त्याची पहिली कसोटी उजाडली १९९४ मध्ये. मधली वर्षं किरण मोरे खेळत होता, तोही बडोद्याचाच. मोंगियापुढे थांबण्याशिवाय इलाज नव्हता.

कॉलेज फुटबॉलमध्येही पूर्वी असंच होतं. दुसऱ्या विद्यापीठात जायचं तर एक वर्ष मैदानाबाहेर बसावं लागे, त्यामुळे दुसऱ्या ओळीतला मुलगा तिथंच टिकायचा. ऑक्टोबर २०१८ मध्ये 'ट्रान्सफर पोर्टल' आलं. जायचंय म्हणून त्यात नाव घातलं की इतर विद्यापीठं उघडपणे बोलणी करू शकतात. एप्रिल २०२१ मध्ये एकदा विनादंड बदलीची मुभा मिळाली. त्याच वर्षी १ जुलैपासून खेळाडूंना स्वतःच्या नावावर आणि चेहऱ्यावर पैसे कमावता येऊ लागले. पुढे कोर्टकचेरी होऊन २०२४ पासून कितीही वेळा बदली करायला वाट मोकळी झाली. थोडक्यात, थांबण्याची सक्ती संपली आणि जाण्याला भाव आला.

याचं सगळ्यात स्वच्छ उदाहरण टेक्सास विद्यापीठाचा २०२३ चा कागद. क्वार्टरबॅकच्या जागेवर तीन नावं होती : क्विन युअर्स, मलिक मर्फी, आर्च मॅनिंग. युअर्स जखमी झाल्यावर मर्फीने दोन सामने खेळले आणि दोन्ही संघाने जिंकले. तरीही युअर्स बरा होताच मर्फी पुन्हा कडेला. हंगाम संपता संपता तो ड्यूकला निघून गेला. तिसऱ्या ओळीतला मॅनिंग मात्र राहिला, २०२४ मध्येही युअर्सच्या मागे थांबला आणि २०२५ मध्ये पहिल्या ओळीत आला. त्याच्या संयमाचं तिकडे फार कौतुक झालं. कौतुक योग्यच आहे, पण तो आर्ची मॅनिंगचा नातू आणि पेटन व ईलाय मॅनिंगचा पुतण्या आहे. ज्याच्या घरात पिढ्यांची कमाई आहे, त्याला दोन वर्षं थांबणं परवडतं. मर्फीला ते परवडायला हवं होतं असं म्हणणाऱ्यांनी स्वतःच्या पोराची नोकरी आठवून बघावी.

आता प्रशिक्षकाच्या बाजूने बघू. हंगामापूर्वी साधारण २५ सराव मिळतात. पहिले काही दिवस नुसतं हेल्मेट, मग खांद्याचे पॅड, मग पूर्ण पोशाख, म्हणजे उन्हात शरीराला सवय होते. पूर्वी दिवसातून दोनदा अंगाला अंग भिडवून सराव चालायचा, त्यावर २०१७ मध्ये बंदी आली. म्हणजे दिवस मोजके आणि डाव मोजके. दोन क्वार्टरबॅकमध्ये डाव सारखे वाटले तर दोघेही अर्धेकच्चे राहतात. एकाला लवकर निवडला तर तो पक्का तयार होतो, पण दुसऱ्याचं मन तिथंच उडतं. म्हणून बऱ्याच कागदांवर दोन नावांच्या मध्ये एक शब्द छापलेला दिसतो : 'किंवा'. हा खेळाडू किंवा तो खेळाडू. वाचणाऱ्याला वाटतं, चुरस फार आहे. पुष्कळदा निर्णय झालेला असतो, जाहीर करायचं धाडस नसतं.

मिशिगनचे जिम हार्बो यांनी २०२२ मध्ये हा 'किंवा' थेट मैदानात नेला. पहिला सामना केड मॅकनमाराला, दुसरा जे. जे. मॅकार्थीला, मग निवड. मॅकनमारा आदल्या वर्षी संघाला परिषदेचं विजेतेपद मिळवून देणारा क्वार्टरबॅक होता. निवड मॅकार्थीची झाली, आणि हंगामानंतर मॅकनमारा आयोवाला गेला. मला तो निकाल चुकीचा वाटत नाही. निदान दोघांनाही खऱ्या सामन्यात संधी तरी मिळाली.

कारण सरावातली प्रगती हे फसवं प्रकरण आहे. क्वार्टरबॅकला सरावात वेगळ्या रंगाचा शर्ट घालतात, त्याचा अर्थ 'याला पाडायचं नाही'. म्हणजे ज्या दबावाखाली त्याची खरी परीक्षा असते तो दबावच सरावात नसतो. पत्रकारांना बहुतेक ठिकाणी सुरुवातीची काही मिनिटं, हातपाय मोकळे करण्यापुरती, आत सोडतात. मग ऑगस्टभर बातम्या येतात की अमक्याने वजन वाढवलं, तमक्याची फेक सुधारली, तिसऱ्याने सगळी डावपेचांची वही पाठ केली. ऑगस्टमध्ये घसरलेला खेळाडू मी अजून वाचलेला नाही. या बातम्या वाचायच्या तर एकच गोष्ट शोधावी : पहिल्या फळीतल्या गड्यांबरोबर कोण खेळतोय? बाकी भाजणी.

अलाबामाचा टाय सिम्पसन २०२२ मध्ये भरती झाला, तीन हंगाम ब्राइस यंग आणि जेलन मिल्रो यांच्या मागे थांबला, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये त्याचं नाव पहिल्या ओळीत जाहीर झालं. पहिल्याच सामन्यात फ्लोरिडा स्टेटकडून ३१-१७ अशी हार. त्याच दिवशी देशात पहिल्या क्रमांकावर असलेला मॅनिंगचा टेक्सास संघ ओहायो स्टेटकडून १४-७ असा हरला. समोरचा क्वार्टरबॅक ज्युलियन सायन हाही जानेवारी २०२४ मध्ये अलाबामा सोडून आलेला, एक हंगाम मागे थांबलेला. त्याची निवडसुद्धा ऑगस्टच्या मध्यानंतरच झाली होती.

आता पैशाकडे. जून २०२५ मध्ये न्यायाधीश क्लॉडिया विल्किन यांनी 'हाउस' खटल्यातल्या तडजोडीला मान्यता दिली. तिच्यानुसार विद्यापीठं खेळाडूंना थेट पैसे देऊ शकतात. पहिल्या वर्षासाठी कमाल मर्यादा प्रत्येक विद्यापीठामागे २ कोटी ५ लाख डॉलर, म्हणजे पावणेदोनशे कोटी रुपयांच्या आसपास. हे सगळ्या खेळांसाठी मिळून, पण मोठ्या विद्यापीठांत त्यातला सिंहाचा वाटा फुटबॉलकडे जातो. जुन्या खेळाडूंना दहा वर्षांत मिळून सुमारे २८० कोटी डॉलरची भरपाई द्यायची, ती वेगळीच.

इथे कागदाचा हिशेब बिघडतो. करार होतो जानेवारीत, जागा ठरते ऑगस्टमध्ये. मोठी रक्कम मोजून बाहेरून आणलेला मुलगा ऑगस्टमध्ये दुसरा ठरला तर काय? कॉमर्सच्या वर्गात शिकवतात की खर्च होऊन गेलेला पैसा पुढच्या निर्णयात धरायचा नाही. शिकवतात सगळेच, पाळतं कोण? देणगीदारांना, खेळखात्याच्या प्रमुखाला, टीव्हीवरच्या चर्चेला तोंड द्यायचं असतं. दोघं बरोबरीचे असले तर महागडा पहिल्या ओळीत जाणार, हे सांगायला ज्योतिषी नको. तिथल्याच भट्टीत वाढलेला, कमी पैशातला मुलगा नुसता सरस असून भागत नाही, त्याला डोळ्यांत भरण्याइतकं सरस असावं लागतं.

यंदा यात जानेवारीच्या दाराची भर पडली आहे. गेल्या वर्षापर्यंत बदलीच्या मुदती दोन होत्या, एक हिवाळ्यात आणि एक एप्रिलमध्ये. मार्च-एप्रिलमध्ये 'स्प्रिंग' सराव होतो. त्यात आपण मागे पडलो हे कळलं की मुलगा एप्रिलच्या दारातून बाहेर पडायचा. याच दारातून एप्रिल २०२५ मध्ये टेनेसीचा पहिला क्वार्टरबॅक निको इयामालियावा बाहेर पडला. पैशाची बोलणी फिसकटल्याच्या बातम्या आल्या, तो सरावाला गैरहजर राहिला, संघाने त्याच्याशिवाय पुढे जायचं ठरवलं आणि तो यूसीएलएला गेला. प्रशिक्षकांना हे दार नकोच होतं. हंगाम चार महिन्यांवर असताना संघ फुटतो, ही त्यांची तक्रार. अखेर एप्रिलची मुदत रद्द झाली आणि २०२६ साठी एकच ठेवली, २ ते १६ जानेवारी. प्रशिक्षक बदलला तर वेगळी मुभा मिळते, पण एरवी पंधरा दिवसांत काय ते ठरवा.

तक्रारीत तथ्य होतं, हे मान्य. पण परिणाम बघा. आता मुलगा स्प्रिंग सराव न बघताच जानेवारीत ठरवतो की राहायचं. मार्चमध्ये त्याला कळतं की आपण दुसरे. ऑगस्टमध्ये ते कागदावर येतं. आणि बाहेर पडायला पुढचा जानेवारी. कॉलेजच्या चार-पाच वर्षांतलं एक वर्ष गेलं. आधीच्या ऑगस्टमध्ये नाराज मुलं निघून गेलेली असायची, उरलेल्यांत चुरस व्हायची. यंदाच्या ऑगस्टमध्ये ती तिथंच आहेत. त्यामुळे सराव कदाचित जास्त तिखट होतील, दुसरी ओळ मजबूत राहील आणि जखमांच्या वेळी संघाला त्याचा फायदाही होईल. फायदा संघाचा, वेळ मुलाचा. जो बरो ओहायो स्टेटमध्ये स्प्रिंग सरावानंतर मागे पडतोय हे पाहून मे २०१८ मध्ये बाहेर पडला. पदवी हातात असल्यामुळे त्याला वर्षभर बसावं लागलं नाही. लुइझियाना स्टेटला जाऊन २०१९ मध्ये त्याने १५ पैकी १५ सामने आणि हाइझमन ट्रॉफी जिंकली. आधी बघायचं आणि मग निघायचं, ही त्याची चाल आज बहुतेकांना उपलब्ध नाही.

या सगळ्यात कागदावर ज्यांचं नावच नाही त्यांची बातमी सर्वात कमी झाली. त्याच तडजोडीने फुटबॉल संघाची संख्या १०५ वर बांधली. पूर्वी शिष्यवृत्त्या ८५ असायच्या, पण माणसं कितीही ठेवता यायची आणि अनेक संघांत ती १२० च्या वर जायची. वरची मुलं 'वॉक-ऑन', म्हणजे स्वखर्चाने शिकणारी, आगामी प्रतिस्पर्ध्याची नक्कल करून पहिल्या फळीला सराव देणारी. त्यांतूनच कधीतरी ओक्लाहोमाचा बेकर मेफील्ड निघतो, जॉर्जियाला लागोपाठ दोन विजेतेपदं मिळवून देणारा स्टेटसन बेनेट निघतो. तडजोड मंजूर होण्याआधीच विद्यापीठांनी यादी छाटायला सुरुवात केली होती. न्यायाधीशांनी त्यावर बोट ठेवून मंजुरी अडवली, तेव्हा अशा मुलांसाठी सूट निघाली : त्यांना परत घेतलं तर ती १०५ मध्ये मोजायची नाहीत. परत घ्यायचं की नाही हे मात्र विद्यापीठाच्या मर्जीवर. आणि ही सूट फक्त तेव्हाच्या मुलांना. यंदा बारावी संपवून आलेल्या, शिष्यवृत्ती नसलेल्या मुलाला १०६ वा म्हणून कुणी उभं करणार नाही.