टू अटेंड की टू अटेंडिंग?

परवा नातीनं मोबाइलवर एक 'गंमत' दाखवली. तिच्या शिकवणीच्या गटात पाथर्डीकडच्या एका मुलीनं सरांना लिहिलं होतं, 'आय ॲम लुकिंग फॉरवर्ड टू अटेंड युवर नेक्स्ट लेसन.' खाली हसऱ्या चेहऱ्यांची रांग. एकानं 'अटेंडिंग' अशी दुरुस्ती केली, पण का ते सांगितलं नाही. मला हसू आलं नाही.

मंडळी, चूक तिची नाही, आम्हा मास्तरांची आहे. 'टू नंतर क्रियापदाचं मूळ रूप' हे मीच वर्षानुवर्षं फळ्यावर लिहून घोकून घेतलं. पोरीनं ते इमानदारीनं पाळलं. या वाक्यातला 'टू' निराळा, तो शब्दयोगी अव्यय. त्याच्यापुढे नाम लागतं. 'लुकिंग फॉरवर्ड टू द नेक्स्ट लेसन' म्हणता येतं ना? मग तिथं क्रिया आणायची तर तिलाही नाम व्हावं लागतं, म्हणून 'अटेंडिंग'. 'आय वाँट टू'पुढे नुसता 'लेसन' बसत नाही, तिथं 'अटेंड'च.

हे समजवायला मराठी पुरते. आपण 'तासाला बसण्याची वाट पाहतेय' म्हणतो. 'तासाला बसायला वाट पाहतेय' असं शाळेचं तोंड न पाहिलेली माझी आजीसुद्धा म्हणाली नसती! पण इंग्रजीच्या तासाला मराठी शब्द काढायचा नाही, हा फतवा निघाला ना. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर पिढ्या इंग्रजी शिकल्या, त्या काय मराठी विसरून? महाराष्ट्रात २००० सालापासून इंग्रजी पहिलीपासून आहे. वर्षं वाढली, पण दोन भाषा शेजारी ठेवून पाहणं गेलं.

आमचे चिरंजीव म्हणतात, "अर्थ कळला ना, झालं." त्यांना नोकरी लागून वीस वर्षं झाली, त्यांचं बरंय. उद्या हीच मुलगी अर्जाच्या शेवटी 'लुकिंग फॉरवर्ड टू हिअर फ्रॉम यू' लिहील. वाचणारा अर्थ समजून घेईल आणि अर्ज बाजूलाही ठेवील. तिथं कोण तिला कारण सांगणार?

असो. नातीकरवी एवढं कळवलं. तासाभरात उलट प्रश्न हजर : "आजोबा, मग 'आय यूज्ड टू गो' मध्ये गोइंग का नाही?"

घ्या! तिथला टू पुन्हा पहिलाच. आणि 'आय ॲम यूज्ड टू' म्हटलं की परत दुसरा. उद्या सकाळी फोनवर बोलायचं ठरलंय.