पाय दिसायला हवेत!

आमच्या ग्रुपची कोजागिरी तिथी बघून होत नाही, वीकेण्ड बघून होते. या वेळी गच्ची मिळाली ती थेट धरमतरला! ग्रुपमधल्या एका मित्राचं हे गाव. वडखळला गोवा हायवे सोडायचा, अलिबागच्या रस्त्याला लागायचं, की खाडी आलीच. एकेकाळी मुंबईहून बोटीने निघालेली माणसं इथे उतरून पुढे कोकणात जायची. हल्ली लांब पल्ल्याचे स्विमर्स उलटं करतात. इथून पाण्यात उतरतात आणि ३६ किलोमीटर पोहून गेटवे ऑफ इंडियाला लागतात. आम्ही आपले कारने गेलो, वाटेत पेणचे पापड घेत घेत.

आता प्रश्न असा, की दूध आटेपर्यंत करायचं काय? अंताक्षरीचा सगळ्यांना कंटाळा आलेला. मी माझा छोटा प्रोजेक्टर बरोबर घेतला होता. म्हटलं, 'डान्स फिल्म्स दाखवते. चार फिल्म्स, एका तासाच्या आत सगळं खलास.'

'म्हणजे एबीसीडी वगैरे?' एकाने विचारलं.

तसं नाही हो! आपल्या सिनेमात गोष्ट चालू असते आणि मधे नाच येतो. डान्स फिल्ममध्ये नाच हीच गोष्ट असते. आणि तो नाच पडद्यासाठीच रचलेला असतो, स्टेजवर तो तसा होऊच शकत नाही. ही झाली व्याख्या. प्रत्यक्षात काय झालं, ते ऐका.

पौर्णिमा उलटून दोन दिवस झाल्यामुळे चंद्र उशिरा उगवणार होता. तोवर अंधार आमचाच. पाण्याच्या टाकीला आणि डिश अँटेनाला बांधून पांढरी चादर ताणली. पलीकडे खाडीत बार्जेसचे दिवे आणि डोलवीच्या पोलाद कारखान्याचा उजेड. प्रेक्षक कोण? आम्ही सातजण, मित्राचे आईबाबा, आजी, शेजारच्या दोन काकू आणि कुठून कुठून आलेली पोरं. थिएटर हाऊसफुल्ल!

पहिली फिल्म मिनिटभराचीही नाही. अमेरिकेत एडिसनच्या कंपनीने १८९५च्या सुमाराला अॅनाबेल नावाच्या नर्तिकेला कॅमेऱ्यासमोर उभं केलं. ती आपला भलामोठा घोळदार झगा फुलपाखरासारखा फिरवते, बस्स. नंतर त्या फिल्मची एकेक फ्रेम हाताने रंगवलेली. एक पोरगा लगेच म्हणाला, 'हे तर रील आहे!' बरोबरच आहे त्याचं. सिनेमा जन्माला आला आणि त्याने पहिल्या काही वर्षांतच रील बनवलं. आपण उगाच स्वतःला फार मॉडर्न समजतो.

दुसरी फिल्म माया डेरेनची, १९४५ची. टॅली बीटी हा तिचा नर्तक. फिल्म जेमतेम तीन मिनिटांची आणि पूर्ण मूक. झालं, मित्राचे बाबा उठून स्पीकरची वायर हलवायला लागले. मूक आहे म्हणून सांगितलं तरी त्यांचा विश्वास बसेना. पण यात एक जागा अशी आहे की गच्चीवर सगळे एकदम 'आँ?' म्हणाले. नर्तक जंगलात पाय उचलतो आणि तो पाय खाली टेकतो थेट एका घराच्या खोलीत! पाऊल एकच, जागा दोन. आज हे ट्रान्झिशन फोनवर शाळकरी पोरंही करतात. डेरेनने ते ऐंशी वर्षांपूर्वी साध्या कॅमेऱ्याने आणि कात्रीने केलं. शिवाय फिल्मच्या श्रेयात तिने आपल्या नावाबरोबर नर्तकाचंही नाव घातलं. ऑफिसातल्या प्रेझेंटेशनवर फक्त बॉसचं नाव बघायची सवय असलेल्यांनी याची नोंद घ्यावी!

तिसरी, कॅनडाच्या नॉर्मन मॅकलॅरनची 'पा द दे', १९६८ची. काळ्या पडद्यासमोर एक नर्तिका आणि एक नर्तक, मागून प्रकाश, त्यामुळे दिसते ती फक्त त्यांची उजळलेली कड. मग ती हात उचलते आणि तिच्या मागे तिचेच हात उमलत जातात. एक, चार, सात... मॅकलॅरनने एकाच फ्रेमवर अकरा-अकरा वेळा छाप घेतली होती. कॉम्प्युटर नाही, काही नाही. पोरांचं मत पडलं, 'हँग झालंय.' मित्राच्या आजीला मात्र वेगळाच प्रश्न पडला.

'काय गो बाय, ही एकटीच का नाचते? हिच्या गावात बायका नाहीत?'

आम्ही सगळे हसलो. पण मला राहून राहून वाटतं, त्या संध्याकाळची सगळ्यात चांगली समीक्षा तीच होती. आजीच्या लेखी नाच म्हणजे गौरीच्या रात्री धरलेला फेर, नाहीतर हळदीची रात्र. हातात हात, खांद्याला खांदा. एकट्या बाईला अकरा वेळा छापून मॅकलॅरनने जो घोळका तयार केला, तो आजीच्या अंगणात दर वर्षी आपोआप तयार व्हायचा.

शेवटची फिल्म 'बाला'. भरतनाट्यमच्या थोर नर्तिका बालासरस्वती यांच्यावर सत्यजित राय यांनी १९७६मध्ये केलेली, ३३ मिनिटांची. निर्मिती तामिळनाडू सरकारची आणि आपल्या नरिमन पॉइंटच्या एनसीपीएची. म्हणजे ज्या एनसीपीएसमोरून आपण संध्याकाळी पार्किंग शोधत फिरतो, त्यांचीच! राय यांनी बालाचा नाच पहिल्यांदा पाहिला तो कोलकात्यात १९३५मध्ये, वयाच्या चौदाव्या वर्षी. फिल्म करायचं त्यांच्या मनात आलं १९६६मध्ये. प्रत्यक्ष शूटिंगला उजाडलं १९७६. तोपर्यंत बाला ५८ वर्षांच्या झाल्या होत्या.

फिल्ममध्ये त्या समुद्रकिनाऱ्यावर नाचतात. मागे लाटा, वारा असा की साडी आवरत नाही, आणि ही बाई शांतपणे कृष्णाला बोलावते आहे. नंतर त्या आणखी एक नृत्य करतात, तेही सातव्या वर्षी पहिल्या कार्यक्रमाला बांधलेलेच चाळ बांधून. राय यांचा कॅमेरा मधे मधे लुडबुड करत नाही. बघतो.

गच्चीवर कोणी बोलत नव्हतं. आजी पुढे सरकून बसली होती. 'म्हातारी आहे ना ही?' तिने हळूच विचारलं. मी म्हटलं, 'हो आजी. तुमच्यापेक्षा लहान होत्या तेव्हा.' त्यावर ती काहीच बोलली नाही.

फिल्म संपली, चंद्र वर आला, दुधाचे ग्लास फिरले. मित्राची आई सहज म्हणाली, 'आमच्या सासूबाई काय नाचायच्या! चार गावांतून बायका बघायला यायच्या.' मी विचारलं, 'व्हिडीओ आहे?' आहे म्हणे, घरातल्या एका लग्नाची कॅसेट. पण त्यात व्हिडीओवाल्याने जेवणाची पंगत वीस मिनिटं घेतलीये आणि आजीचा नाच आठ-दहा सेकंद. तोही बदामाच्या आकारात कापून, वर गुलाबाची फुलं फिरवून!

बालाची फिल्म दहा वर्षं उशिरा झाली, पण झाली. १९८४मध्ये त्या गेल्या, तरी आज आपण त्यांना नाचताना बघू शकतो. आपल्या घरातल्यांचं काय? आगरी-कोळी नाच म्हटल्यावर आपल्या डोळ्यांसमोर येतं ते गॅदरिंग, नाहीतर सिनेमातलं एखादं गाणं. ज्यांनी तो आयुष्यभर अंगणात केला, त्यांच्यासमोर कॅमेरा धरायला आपल्याला वेळ झालेला नाही. फोनमध्ये स्वतःच्या कॉफीचे शेकडो फोटो आहेत, आजीचा एक फेर नाही.

'आजी, आत्ता कराल?' मित्राने विचारलं. गुडघ्याचं कारण झालं, लाजून झालं, 'कुठे टाकू नको हां' अशी तंबी देऊन झाली. मग ती सुनेचा हात धरून उभी राहिली. शेजारच्या काकूंनी गाणं धरलं. चार पावलं, एक वळण, परत चार पावलं. दोन मिनिटंच. पण त्या वळणावर ती एकदम हलकी झाली, काय सांगू!

शूट मी केलं. एवढ्या तयारीने फिल्म्स दाखवणारी मी, मास कॉमची डिग्रीवाली! खाली बसून लगेच आजीला क्लिप दाखवली. तिने ती डोळ्यांजवळ धरून नीट पाहिली आणि फोन परत दिला.

'चेहरा छान आलाय गो. पण पाय कुठे आहेत माझे?'

फोन उभा धरला होता आणि मी चेहऱ्याच्या मागे लागले होते. नाचणाऱ्या बाईचे पायच फ्रेमबाहेर!

तेव्हा दोस्तहो, घरात कोणी नाचणारं असेल तर दिवाळीला जाल तेव्हा आधी परवानगी विचारा. फोन आडवा धरा, चार पावलं मागे जा, झूम करू नका आणि गाणं संपेपर्यंत थांबा. मी पुन्हा धरमतरला जाणार आहे. आजीने तारीख दिली आहे, गुडघ्याला विचारून.