पार्किंगमधला पोचा

नव्या गाडीला पहिला पोचा बहुतेक वेळा रस्त्यावर नाही, पार्किंगमध्ये येतो. आपण वर पॉपकॉर्न खात सिनेमा बघत असतो आणि खाली बेसमेंटमध्ये शेजारचा धाडकन दार उघडतो. माझं तसंच झालं. गाडी घेऊन नऊच दिवस झाले होते. शेजारचा अर्थातच पसार!

तेव्हापासून लिफ्टजवळची जागा मी सोडूनच दिलीय. तिथे सगळ्यात जास्त ये-जा, सामानाच्या ट्रॉल्याही तिथेच. कोपरा बघायचा. डावीकडे खांब किंवा भिंत असेल तर उत्तमच. सोबतच्यांना आधी उतरवा, मग गाडी डावीकडे सरकवून लावा. उजवीकडे तुमचंही दार आरामात उघडतं आणि शेजाऱ्याचंही. शेजारची गाडी आधीच पोचे खाऊन बसलेली दिसली, तर पुढे चला राव! पुण्यात रस्त्यावर लावताना पी-१, पी-२च्या पाट्या बघतोच आपण; वर नारळाचं झाड नाही ना, तेही बघा.

एवढं करूनही पोचा आलाच, तर लगेच क्लेम टाकू नका. वर्षभर क्लेम नसेल तर ओन डॅमेज प्रीमियमवर २० टक्के नो क्लेम बोनस मिळतो, सलग पाच वर्षांनी ५० टक्के. एका छोट्या पोच्यासाठी तो घालवायचा? रंग तडकला नसेल, तर बरेचसे पोचे पुन्हा रंग न मारता आतून दाबून निघतात.

माझाही निघाला. आई मात्र अजून कुरकुरते, लिफ्टपर्यंत केवढं चालायला लावतोस म्हणून.