शेवटची पंगत

दत्त चौकातल्या चहाच्या टपरीवर हल्ली बिनसाखरेचा, बिनदुधाचा चहा मागणारे वाढले आहेत. समोरच्यानं कचोरी पुढे केली की ते घड्याळाकडे बघतात. "नाही भाऊ, आपली वेळ नाही." दोन वेळा जेवायचं, प्रत्येक जेवण पंचावन्न मिनिटांत संपवायचं, मधे काही खायचं नाही. ही पद्धत मूळ विदर्भातलीच. काटोलचे डॉ. श्रीकांत जिचकार ती व्याख्यानांतून सांगत, त्यांच्यानंतर डॉ. जगन्नाथ दीक्षितांनी ती महाराष्ट्रभर घरोघर पोचवली. खाल्लं की इन्सुलिन स्रवतं, म्हणून खाण्याच्या वेळा दोनच ठेवा, असं त्यामागचं म्हणणं. गुण आला असं सांगणारे पुष्कळ आहेत आणि आम्हाला त्यांच्याशी वाद घालायचा नाही.

गंमत वेगळीच आहे. या पद्धतीची पहिली पायरी म्हणजे कडकडून भूक लागण्याच्या आपल्या दोन वेळा ओळखणं. लोकांनी घड्याळ तेवढं उचललं आणि भूक ओळखायची राहून गेली. मग साडेपाचला पोटात कावळे ओरडले तरी गप्प बसायचं, आणि न राहवून मूठभर शेंगदाणे तोंडात टाकले की चोरी केल्यासारखं तोंड करायचं. बाकी अपराधी वाटायला आपल्याला निमित्त लागतंच कुठे? एकादशीला कूट घातलेली साबुदाण्याची उसळ दोनदा घ्यायची आणि द्वादशीला वजनकाट्यावर उभं राहून हळहळायचं, हे घड्याळाच्या आधीपासून चालू आहे.

एव्हलिन ट्रिबोली आणि एलिस रेश या अमेरिकेतल्या दोन आहारतज्ज्ञांनी १९९५ साली याच दुखण्यावर पुस्तक लिहिलं. त्यांचं सांगणं थोडक्यात असं : भूक लागली की खा, पोट भरलं की थांबा, पदार्थांची पापी आणि पुण्यवान अशी वाटणी करू नका, खाल्ल्याचं प्रायश्चित्त घेऊ नका. वजन उतरवण्याचा हा नवा उपाय नव्हे, हेही त्या बजावतात. मधुमेह्याला पथ्य लागतंच, त्याला आमची हरकत नाही. पण डॉक्टरांनी सांगितलेलं पथ्य वेगळं आणि खाल्लेल्या घासाची आठ दिवस लागलेली टोचणी वेगळी. तूप घातलेल्या वरणभाताला गुन्हेगार ठरवून कुणाची तब्येत सुधारली असेल, असं वाटत नाही.

विचार चांगला आहे. मात्र त्यात एक गोष्ट गृहीत धरलेली आहे. भूक लागली की माणूस खायला बसू शकतो, ही.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या बायकांपैकी ५४ टक्के रक्तक्षयी निघाल्या. त्याच फेरीत पाचातली एक बाई वजनानं कमी भरली आणि चारातली जवळपास एक जास्त. म्हणजे अंगानं भरलेली बाईसुद्धा आतून रिकामी असू शकते. तिला आपण कमी खाण्याचे उपाय सांगतो आणि तीही ते मुकाट ऐकते, कारण जास्त खाल्ल्याचा ठपका तिच्या सवयीचा आहे.

आता राळेगाव-घाटंजीच्या एखाद्या शिवारात कापूसवेचणीच्या दिवसांत दुपारी जाऊन बघा. बाया सकाळीच शिदोरी बांधून आलेल्या असतात. कापसाची मजुरी किलोमागे. रोजानं निंदणाला गेलं तर जेवणाची सुटी रोजातच धरलेली असते. किलोच्या कामात ती ज्याची त्यानं, स्वतःच्या पैशानं घ्यायची. जेवायला बसलं तेवढा वेळ ओटीत कापूस पडत नाही. भूक कधी लागली हे या बाईला कुणी शिकवायला नको, तिला ते नेमकं कळतं. तरी ती धरलेली ओळ संपवते, मग चार घास घाईनं गिळते आणि पुन्हा पुढच्या ओळीला लागते. पंचावन्न मिनिटं हा तिच्या लेखी चैनीचा आकडा आहे. शरीराचं ऐका, हा सल्ला तिला द्यायचा तर आधी जेवणाच्या अर्ध्या तासाची मजुरी कोण देणार ते ठरलं पाहिजे. या बाबतीत पुस्तकवाल्यांपेक्षा शेतमालकाला विचारणं बरं. आणि कापसाच्या भावानं त्याचीच शिदोरी आटलेली असेल तर सरकारला.

शेत नसलेल्या घरातही फार वेगळं नाही, तिथे फक्त किलोचा काटा दिसत नाही. भाद्रपदातल्या महालक्ष्म्यांचंच घ्या. पहाटेपासून बाया चुलीपुढे. सोळा भाज्या, आंबील, कढी, वडे, भजी, पुरण. नैवेद्य होतो, सवाष्णी जेवतात, पाहुणे जेवतात, घरचे पुरुष जेवतात, आणि उन्हं कलल्यावर शेवटच्या पंगतीत रांधणारीचं पान मांडलं जातं. तोवर कढी गार, वडे वातड आणि तिची भूक मेलेली. दुसऱ्या दिवशी फोनवर "काल लयच खानं झालं वो, आता दोन दिवस ताकावर" हे म्हणणारी पुन्हा तीच!

येत्या भाद्रपदात एवढं करून पाहावं. नैवेद्य झाला की पहिल्या पंगतीला रांधणाऱ्या बाया बसाव्यात आणि पुरुषांनी वाढावं. वाढायला काही अडचण नाही, लग्नात जिलेबीचा आग्रह करत फिरणारे हात हेच असतात. पुरणपोळी न फाटता तव्यावर टाकायला मात्र शिकावं लागेल. त्याची तालीम आषाढातच सुरू केलेली बरी.