हा टाका उसवू देऊ नका

शिवायचं म्हटलं की सुई आरपार गेलीच पाहिजे, असं आपण धरून चालतो. आर्क्टिक प्रदेशातली इनुइट बाई सीलच्या कातड्याचा बूट शिवायला बसते तेव्हा तिची सुई कातड्याच्या निम्म्या जाडीपर्यंत शिरते आणि तिथूनच वळून वर येते. या बुटाला कामिक म्हणतात. शिवणीच्या दोन ओळी घालायच्या, एक एका बाजूनं, दुसरी दुसऱ्या बाजूनं, आणि एकाही टाक्याला सुई दोन्ही कातड्यांच्या पार जाऊ द्यायची नाही. पाण्याला आत शिरायला भोकच उरत नाही. दोरा असतो कॅरिबूच्या, म्हणजे तिकडच्या रानटी रेनडिअरच्या, पाठीतल्या चिवट कंडरेचा. वाळवून, तंतू सुटे करून तो काढलेला असतो. ओला झाला की फुगतो आणि सुईनं केलेली बारीकशी जागाही बुजवून टाकतो. उणे चाळीस अंशांत बर्फावर उभ्या राहिलेल्या माणसाचा पाय ओला झाला तर पाय जातो, कधी जीवही जातो. त्या माणसाचं आयुष्य या टाक्यावर तोललेलं असतं.

हा टाका टिकला पाहिजे. त्यासाठी मराठी वाचकांकडे मी मुद्दाम आलो आहे.

1972 साली ग्रीनलंडमध्ये किलाकित्सोक इथे कड्याच्या कपारीत सहा बायका आणि दोन मुलं सापडली. साधारण 1475च्या सुमाराची ही माणसं. कोरड्या थंडीनं त्यांची शरीरं टिकली आणि अंगावरचे कपडेही टिकले: सीलच्या कातड्याचे अंगरखे, विजारी, बूट आणि पक्ष्यांच्या पिसांसकट कातड्याची आतली वस्त्रं. आपल्याकडे बहामनी राज्य होतं तेव्हाची ही शिवण. आज कॅनडाच्या बाफिन बेटावर एखादी आजी नातीला जे शिकवते, त्याच्याशी तिचं नातं सरळ आहे.

ही कला किती खरी आहे याचा दाखला हवा असेल तर नॉर्वेच्या रोआल्ड अमुंडसेन या शोधप्रवाशाचा घ्या. 1903 ते 1905 हे दोन हिवाळे तो आर्क्टिक कॅनडातल्या आजच्या योआ हेवनला नेत्सिलिक इनुइटांच्या शेजारी राहिला. त्यांचे कपडे घातले, ते कसे घालायचे तेही शिकला. केसाळ कातड्याचे दोन थर, आतल्याचे केस अंगाकडे, बाहेरच्याचे केस बाहेर. कॅरिबूचा केस आतून पोकळ असतो, त्यात हवा कोंडते आणि ऊब टिकते. 1911च्या डिसेंबरात दक्षिण ध्रुवावर पहिल्यांदा पाऊल पडलं ते या शिकवणीच्या बळावर. शाळेच्या पुस्तकात अमुंडसेनचं नाव आलं. ज्या बायकांनी ही शिवण घडवली त्यांचं नाव कुठेच आलं नाही.

या शिवणकामात नमुन्याचा कागद नसतो. मोजायला बोटं आणि वीत, कापायला उलू. उलू म्हणजे अर्धचंद्राच्या पात्याची बायकांची सुरी. तिनंच चरबी खरवडायची, तिनंच कातडं बेतायचं. मुलगी आईच्या शेजारी बसून हे उचलते. त्याआधी ती आईच्या पाठीवर असते, अमाउती नावाच्या कोटाच्या पाठीत शिवलेल्या पिशवीत, आईच्या अंगाच्या उबेत. शिकण्याची शाळा ती, आणि तीच मोडली गेली. 1950 नंतर कॅनडा सरकारनं मुलांना दूरच्या निवासी शाळांत नेलं. त्या शाळांत त्यांची भाषा बोलायलाही बंदी असे. सुई धरायच्या वयाच्या मुली आईपासून तुटल्या. त्या शाळांबद्दल 2008 साली पंतप्रधानांनी संसदेत माफी मागितली, पण दोन पिढ्यांच्या हातातून गेलेलं परत आलं नाही.

दुसरा घाव दयाळू माणसांनी घातला. हे लिहिताना मला वाईट वाटतं, कारण ती दया खरी होती. सीलच्या पांढऱ्या शुभ्र पिल्लांना काठीनं मारतानाची छायाचित्रं पाहून युरोप हळहळला आणि 1983 मध्ये तिथे सीलच्या पिल्लांच्या कातड्यांवर बंदी आली. इनुइट लोक ती पिल्लं मारतच नव्हते. ते मारतात मोठं, अंगावर वलयं असलेलं सील. त्याला ते नात्सिक म्हणतात. पण बाजाराला हा फरक कळला नाही आणि सगळ्याच कातड्यांचा भाव कोसळला. 2009 मध्ये युरोपीय संघानं आणखी कडक बंदी घातली. इनुइटांना तीत कागदावर सवलत आहे, पण गिऱ्हाईकच पांगलं तर सवलत काय कामाची?

याची साखळी नीट बघा. सीलचं मांस घरात आणि शेजारात वाटून खायचं, कातडं विकायचं, त्या पैशांतून पेट्रोल आणि काडतुसं घ्यायची. कातड्याला भाव नाही म्हणजे पेट्रोल नाही, पेट्रोल नाही म्हणजे शिकार नाही, आणि शिकार नाही म्हणजे घरात कातडंच नाही. मग आजीनं शिकवायचं कशावर? तिकडे विमानानं येणारा भाजीपाला इतका महाग असतो की कॅनडातल्या नुनावुत या इनुइट प्रदेशातल्या निम्म्याहून अधिक घरांना पोटभर, नीट अन्नाची खात्री नाही.

आपल्यातले अनेकजण मांस खात नाहीत, आणि प्राण्याचा जीव जाऊ नये असं मनापासून वाटणारे तर पुष्कळच आहेत. त्यांना माझी हात जोडून विनंती आहे. जिथे धान्य पिकत नाही तिथल्या माणसाला आपल्या ताटाचं माप लावू नका. सीलला खरी भीती आहे ती बर्फ वितळण्याची, कारण त्याची पिल्लं समुद्रावरच्या गोठलेल्या बर्फावर, हिमाच्या बिळात वाढतात. आर्क्टिक प्रदेश उरलेल्या जगापेक्षा कितीतरी वेगानं तापतो आहे. तापवणारे आपण, आणि बोट मात्र त्या शिकाऱ्याकडे, हा अन्याय आपल्या हातून होऊ नये. सीलविरोधी एखादं निवेदन मोबाईलवर आलं तर सही करण्याआधी एवढं विचारा: यात इनुइटांची बाजू कुठे आहे?

2025 मध्ये मिलानच्या रॅम्पवर कोल्हापुरी चपला नाव न घेता मिरवल्या तेव्हा आपण पेटून उठलो होतो, आणि ते योग्यच होतं. 2015 मध्ये अशीच एका इनुइट शामानच्या, म्हणजे मांत्रिकाच्या, जुन्या पोशाखाची नक्षी एका परदेशी फॅशन कंपनीनं स्वेटरवर उचलली. त्याच्या वंशजांनी आवाज उठवल्यावर तो विक्रीतून काढला गेला. अमाउतीची अशी चोरी होऊ नये म्हणून पाउक्तुतित ही इनुइट बायकांची संघटना पंचवीसेक वर्षं झगडते आहे. चपलेच्या वेळी दाखवलेली ती चीड थोडी त्यांच्यासाठीही राखून ठेवा.

शिक्षकहो, वर्गात ‘एस्किमो’ हा शब्द आता सोडून द्या. कॅनडात तो अपमानाचा मानतात. इनुइट म्हणजे ‘माणसं’, एवढं सांगितलं तरी मुलं लक्षात ठेवतील. आणि ते सगळे बर्फाच्या घरात राहतात, हेही सांगू नका. तिथे शाळा आहेत, इंटरनेट आहे, 1999 पासून नुनावुत हा त्यांचा स्वतःचा प्रदेश आहे, आणि तिथल्या इकालुइतच्या कॉलेजात कातडी कपडे शिवण्याचा अभ्यासक्रमही चालतो.

सगळ्यात मोठी आशा आहे ती कॅनडातल्या मराठी घरांकडून. टोरांटोत, ओटावात, कॅलगरीत तुम्ही हजारोंनी आहात. त्या देशाची थंडी तुम्ही अंगावर घेतली आहे. हातमोजे, बूट घ्यायचे तेव्हा एकदा तरी इनुइट बाईनं शिवलेले घ्या, तिचं नाव विचारून घ्या आणि ती सांगेल तो भाव द्या. कोरीव शिल्प घेताना त्यावर इग्लू टॅग आहे का ते पाहा. 1958 पासून चालत आलेलं हे अस्सलपणाचं चिन्ह 2017 पासून इनुइट कला प्रतिष्ठानाच्याच हातात आहे. आणि मराठी मंडळाच्या पुढच्या कार्यक्रमात अलेथिया अर्नाकुक-बारिल यांचा ‘अँग्री इनुक’ हा 2016चा माहितीपट लावा. दीड तासाच्या आसपास आहे. शक्य असेल तर त्या दिवशी शहरातल्या एखाद्या शिवणकाम करणाऱ्या इनुइट बाईला मानधन देऊन बोलवा, आणि तिच्या हातातला तो टाका आपल्या मुलींना जवळून बघू द्या.